ब्रेकवाल्या टेबल सॉवर डेडो: कार्ट्रिज बदलण्यापासून कप्पा खाचेत बसेपर्यंत

प्लायच्या कपाटाचा कप्पा नुसत्या स्क्रू-फेविकॉलवर टांगला की दोन पावसाळ्यांत तो खाली बसतो. पुस्तकं भरली तर त्याच्या आधीच. बाजूच्या फळीत सहा मिलिमीटर खोल खाच मारून कप्पा तीत बसवला, तर सगळं वजन लाकूड पेलतं आणि स्क्रूला नुसतं धरून ठेवायचं काम उरतं. आमच्या वडीलधाऱ्यांनी ही खाच करवतीने दोन रेघा मारून आणि मधला भाग पटाशीने काढून केली. आज टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून पातं वर येणाऱ्या कटर मशीनवर, डेडो सेट (रुंद खाच मारणारा पात्यांचा संच) लावला की तीच खाच एका फेरीत, तळ सपाट ठेवून निघते.

नाशिकला अंबडच्या माझ्या शेडमध्ये सॉस्टॉपचं मशीन आहे. बोट पात्याला लागताच पातं थांबवणारं. माझ्या काकांची दोन बोटं उघड्या कटर मशीनवर गेली. ते पाहिलेलं असल्यामुळे या मशीनवर खर्च करताना मी मागेपुढे पाहिलं नाही. पण डेडो लावताना याच मशीनवर फार चुका होतात, कारण ब्रेक आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो. डेडोसाठी वरचं गार्ड काढावं लागतं, रायव्हिंग नाईफही (पात्यामागची, चिरलेलं लाकूड मिटू न देणारी पट्टी) काढावा लागतो. तीन राखणदारांपैकी दोन रजेवर गेले आणि एकटा ब्रेक उरला. तो नीट बसवणं आणि रजेवर गेलेल्या दोघांचं काम स्वतःच्या हातांनी करणं, एवढ्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी ब्रेक कसा चालतो ते बघू, म्हणजे पुढच्या पायऱ्यांची कारणं वेगळी सांगावी लागणार नाहीत. पात्यावर एक हलका विद्युत सिग्नल सतत सोडलेला असतो. लाकूड वीज फारशी वाहत नाही, माणसाचं शरीर वाहतं. बोट लागलं की सिग्नल पडतो. मग कार्ट्रिजमधली (ब्रेकच्या बदलता येणाऱ्या डबीतली) बारीक तार जळते, तिने दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. हे सगळं पाच मिलिसेकंदांच्या आत होतं. फिरत्या पात्याचा जोर कुठेतरी जायलाच हवा, म्हणून पातं त्याच झटक्याने टेबलाखाली खेचलं जातं. ही कल्पना अमेरिकेतल्या स्टीव्ह गॅस यांना १९९९ मध्ये सुचली. ते भौतिकशास्त्र शिकलेले पेटंट वकील आणि हौशी सुतार. मशीन प्रत्यक्ष बाजारात आलं २००४ मध्ये.

आता डेडोचं बघा. नेहमीचं पातं दहा इंची, म्हणजे २५४ मिमी, आणि जेमतेम तीन मिलिमीटर जाड. डेडो सेट आठ इंची, म्हणजे २०३ मिमी, पण दोन बाहेरची पाती आणि मधले चिपर (खाचेचा मधला भाग काढणाऱ्या दातेरी चकत्या) मिळून वीस मिलिमीटरपर्यंत जाड होतो. व्यास कमी आणि वजन जास्त, त्यामुळे त्याला थांबवणारा ठोकळाही रुंद लागतो आणि पात्याच्या अधिक जवळ असावा लागतो. म्हणून डेडोचं कार्ट्रिज वेगळं येतं. दहा इंची कार्ट्रिज तसंच ठेवून डेडो चढवला तर ठोकळा एक इंच लांब राहतो, आणि मशीन ते ओळखून सुरूच होत नाही. ही अडचण नाही, तुमच्या बोटाची काळजी आहे. तिथे बायपासची (ब्रेक तात्पुरता बंद करणारी) चावी फिरवून काम उरकायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका.

विकत घेण्याआधी

सेट आठ इंचीच घ्या. सहा इंची किंवा दहा इंची डेडो या ब्रेकला चालत नाही. आर्बरचा (पातं बसतं त्या दांड्याचा) व्यास ५/८ इंच, म्हणजे जवळपास १५.९ मिमी. आपल्याकडे बरीच पाती २५.४ किंवा ३० मिमी भोकाची मिळतात, आणि बुश टाकून भोक लहान करून देणारेही भेटतात. डेडोच्या बाबतीत ते करू नका. चार-पाच चकत्या एकमेकींशी अचूक एका मध्यावर फिरायला हव्यात. भोकाच्या आजूबाजूला रंग किंवा वीज न वाहणारा लेप असलेली पातीही नकोत, कारण सिग्नल तिथूनच पात्यावर चढतो.

वाकडं फिरून खाच मारणारं, डायल फिरवून रुंदी बदलणारं एकाच पात्याचं डेडोही मिळतं. ते स्वस्त असतं, पण घेऊ नका. त्याने खाचेचा तळ गोलसर येतो, आणि ठोकळ्यासमोर ते डावी-उजवीकडे हेलकावे खात फिरतं. चिपरवाला स्टॅकच घ्या.

मशीनच्या मॉडेलचीही खात्री करा. सॉस्टॉपच्या सगळ्यात छोट्या कॉम्पॅक्ट मशीनवर डेडो बसतच नाही. आणि मशीन २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचंच हवं. ६० हर्ट्झची इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि तापते. अर्थिंग पक्कं असल्याशिवाय हे मशीन जोडू नका.

हिशेब: कोणत्या चकत्या, किती

कपाट १५०० मिमी उंच आणि ३०० मिमी खोल आहे, कप्पे चार, असं धरू. बाजारात १९ मिमी म्हणून विकला जाणारा प्लाय १९ भरेलच असं नाही, त्यामुळे बिलावरच्या आकड्यावर खाच मारू नका. प्रत्येक शीट व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा. माझ्या शेवटच्या कामातली शीट १८.२ मिमी भरली. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या शीटची खालची कड वरच्या कडेपेक्षा जाड भरते, तेव्हा कडेचं माप धरू नका.

बाहेरची दोन पाती प्रत्येकी १/८ इंच, दोन्ही मिळून ६.३५ मिमी. १/८ इंचाचे तीन चिपर म्हणजे ९.५२ मिमी. त्यात ३/३२ इंचाचा एक चिपर, म्हणजे २.३८. बेरीज १८.२५. अठरा दशांश दोनच्या प्लायला हे मस्त बसतं. पूर्ण १९ मिमी हवे असतील तर ३/३२ काढून चौथा १/८ घाला, १९.०५ होतात. मधला दशांशाचा फरक शिमने (कागदासारख्या पातळ चकतीने) भरा.

या कार्ट्रिजची कमाल मर्यादा १३/१६ इंच, म्हणजे २०.६ मिमी आहे. आपल्याकडे कप्प्याला दोन्ही बाजूंनी एक-एक मिलिमीटरचा मायका लागतो आणि १९ चे २१ होतात. तेव्हा एक चिपर जास्त घालून भागवू नका. पंधरा-सोळा मिमीचा स्टॅक लावा आणि फेन्स (फळी टेकवायची सरळ आधारपट्टी) सरकवून दोन फेऱ्यांत खाच पूर्ण करा.

बसवताना

मुख्य स्विच बंद करा आणि प्लग भिंतीतून काढा. या मशीनला दोन स्विच असतात, एक संपूर्ण मशीनचा आणि दुसरा मोटरचा, आणि नुसता मोटरचा बंद करणं पुरेसं नाही. पातं शून्य अंशावर सरळ करून पूर्ण वर घ्या. टेबलातली इन्सर्ट प्लेट (पात्याभोवतीचं झाकण), गार्ड आणि रायव्हिंग नाईफ काढा. नाईफ कुठे ठेवायचा ते शेवटी सांगतो.

नट सोडवून दहा इंची पातं उतरवा. आत हात घालून कार्ट्रिजची चावी फिरवा आणि बाहेर ओढा, मग कार्ट्रिज दोन पिनांवरून आडवं सरकत निघून येतं. ते उघडं टाकू नका, डब्यात ठेवा. त्या मोकळ्या जागेत साचलेला भुसा याच वेळी ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करा. डेडोचा भुसा बारीक नसतो, जाड साली निघतात, आणि ठोकळा व पात्यामधल्या फटीत त्या गच्च बसतात.

डेडोचं कार्ट्रिज पिनांवर पूर्ण आत ढकला, चावी घाला, फिरवा. नंतर ते हाताने हलवून बघा, हलता कामा नये.

आता स्टॅक. आर्बर आणि वॉशरच्या बसायच्या जागा फडक्याने पुसा. चिकटलेला एक कण भुसा संपूर्ण स्टॅक तिरका करतो. आतलं पातं आधी घाला, मग चिपर, मग बाहेरचं पातं. डावं-उजवं पातं वेगळं असतं, त्यावर लिहिलेलं वाचा. चिपरचे कार्बाइड दात बाहेरच्या पात्यांच्या दातांवर टेकता कामा नयेत, ते मधल्या खोलगट जागेत यायला हवेत. चिपर एकमेकांपासून सारख्या कोनांवर पसरवा. चार चिपर एका रेषेत लागले तर मशीन थरथरतं आणि खाचेच्या तळाला लाटा येतात. नट आवळताना दुसऱ्या हाताने स्टॅक धरून ठेवा, कारण शेवटच्या अर्ध्या फेरीत चिपर हमखास सरकतात. नटाचे सगळे आटे आर्बरवर चढले पाहिजेत. चढत नसतील तर स्टॅक तुमच्या मशीनसाठी फार रुंद झाला आहे.

ठोकळा आणि पात्यामधली फट हा सगळ्या कामाचा गाभा आहे. ती १/१६ ते १/८ इंच, म्हणजे साधारण दीड ते तीन मिलिमीटर हवी. मी दोन मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग वापरतो. तो ठोकळा आणि दाताच्या मधे घालायचा आणि ॲलन कीने समायोजनाचा बोल्ट फिरवत राहायचं. बिट हलकासा अडखळत सरकला की झालं. हे एका दाताला करून थांबू नका. स्टॅक हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. बाहेरच्या पात्यांचा आणि चिपरचा व्यास केसभर वेगळा असू शकतो, त्यामुळे सर्वांत पुढे आलेला दात धरून फट लावा. फिरवताना कुठेही टिक-टिक आवाज आला तर दात ठोकळ्याला घासतो आहे, फट वाढवा. सेटला धार लावून आणली की व्यास कमी होतो, तेव्हा ही मोजणी नव्याने करायची. मागच्या वेळी बरोबर होती म्हणून सोडायची नाही.

मग डेडोची रुंद इन्सर्ट प्लेट बसवा, स्टॅक टेबलाखाली पूर्ण उतरवून परत वर घ्या आणि तो प्लेटला घासत नाही याची खात्री करा. प्लग लावा, मुख्य स्विच चालू करा. मशीन काही सेकंद स्वतःची तपासणी करतं. हिरवा दिवा स्थिर झाला की ब्रेक पहाऱ्यावर आला. लाल दिवा लागला किंवा लुकलुकला तर मॅन्युअलमधल्या तक्त्यात खूण बघा. माझ्याकडे दहापैकी नऊ वेळा एकतर फट जास्त राहिलेली असते, नाहीतर चावी अर्धवट फिरलेली.

ब्रेक विनाकारण सुटू नये म्हणून

ब्रेक एकदा सुटला की कार्ट्रिज संपलं, ते पुन्हा वापरता येत नाही. दहा इंची पातं गेलं तर एकच पातं जातं. डेडोत सबंध सेट ठोकळ्यात रुततो. त्यामुळे धातू पात्याला लागू नये याची काळजी इथे दुप्पट घ्यायची.

नाशिकमध्ये हा प्रश्न खास आहे, कारण जुन्या वाड्यांचं सागवान आपल्याकडे सर्रास वापरलं जातं. ते लाकूड सोन्यासारखं आहे, पण खिळ्यांनी भरलेलं. अशाच एका तुळईच्या फळीत मी खाच मारत होतो. सगळे खिळे काढले होते, चुंबकही फिरवलं होतं, फक्त एका जागी काळा-निळा ठिपका होता. माझा मदतनीस म्हणाला, “दादा, इथे काळं दिसतंय.” मी बोट फिरवलं, काही लागलं नाही. म्हटलं, डाग असेल. लाकडातल्या टॅनिनमध्ये लोखंड गंजलं की असाच डाग पडतो, हे मला माहीत होतं. लोखंड अजून आत असेल असं मात्र वाटलं नाही. बंदुकीसारखा आवाज झाला आणि टेबलावर पातं दिसेनासं झालं. फळी जागेवर, आमची बोटं जागेवर. खाली बघितलं तर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात पूर्ण स्टॅक रुतलेला आणि बाहेरच्या पात्याचे तीन दात तुटलेले. खिळ्याचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता. तेव्हापासून काळा डाग दिसला की तिथे पटाशीने सहा मिलिमीटर खोल उकरतो. मुळात जुन्या लाकडावर डेडो मारायचाच नाही, ती खाच राउटरने (हातात धरून चालवायच्या खाच मारणाऱ्या मशीनने) मारायची, असा नियमही केला आहे.

असं झालं तर प्लग काढा, नट सैल करा, चावी काढा, आणि स्टॅक व कार्ट्रिज एकमेकांत अडकलेलेच एकत्र बाहेर काढा. पाती ठोकळ्यातून उपटून पुन्हा वापरायचा विचार करू नका. दात शाबूत दिसले तरी चकती वाकलेली असू शकते.

बाकीची धातूची ठिकाणं अशी: मायटर गेजचं (फळी आडवी ढकलायच्या सरकत्या पट्टीचं) ॲल्युमिनियम, फेन्स, फेन्सवर लावलेल्या लाकडी पट्टीचे स्क्रू, जिगमधले (घरी केलेल्या साच्यांमधले) बारीक खिळे, आरशासारखा चकचकीत फॉइलवाला मायका. कडेला रिबेट (पायरीसारखी खाच) मारताना फेन्सला लाकडी पट्टी लावून स्टॅक अर्धवट तिच्यात घुसवावा लागतो. तिचे स्क्रू स्टॅकच्या उंचीपेक्षा बरेच वर हवेत. मी पट्टीवर लाल पेन्सिलीने रेघ मारून ठेवतो, त्या रेघेखाली स्क्रू नाही.

ओल्या लाकडाचंही तसंच. साधं ओलसर लाकूड चालतं. पण ताजी कापलेली बाभूळ, किंवा आषाढात उघड्यावर भिजलेला आंबा, दाबला की पाणी सोडतो. असं लाकूड वीज वाहतं. शंका असेल तर एक-दोन काप बायपासमध्ये मारून बघता येतात. ब्रेक सुटण्याजोगा संपर्क झाला असेल तर मोटर बंद केल्यावर लाल दिवा लुकलुकून सांगतो. बायपास फक्त त्याच कापापुरता टिकतो, दर वेळी चावी नव्याने फिरवावी लागते. त्या वेळी ब्रेक पूर्ण बंद असतो. मी तर असं लाकूड वाळायलाच ठेवतो.

खाच मारताना

कपाटाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या कापून मग खाचा मारू नका. ६२० मिमी रुंद आणि १५०० मिमी लांब असा एकच तुकडा घ्या, त्यात आडव्या खाचा मारा आणि नंतर तो उभा चिरून दोन करा. दोन्ही बाजूंच्या खाचा आपोआप समोरासमोर येतात. शिवाय ६२० मिमीची कड फेन्सला टेकते. तीनशेची टेकवली तर लांब तुकडा वळतो, आणि किकबॅक इथेच होतो. ब्रेक बोटाला वाचवतो. मागे उसळलेल्या फळीपासून पोटाला वाचवायची व्यवस्था त्यात नाही.

पॅनेल बाक आलेलं असेल तर फुगीर बाजू खाली ठेवून दाबत न्या, नाहीतर मधे खाच उथळ येते. स्टॅकची उंची सहा मिमी, प्लायच्या जाडीचा एक तृतीयांश. प्लायमध्ये हे एका फेरीत जमतं. शिसम किंवा नव्या सागाला तीन-तीन मिलिमीटरच्या दोन फेऱ्या करा.

त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर आधी खाच मारा. कप्प्याचा तुकडा हाताच्या दाबाने आत गेला पाहिजे. हातोडी लागत असेल तर फेविकॉल लावल्यावर लाकूड फुगून तो बसणारच नाही. खडखडत असेल तर एक शिम काढा. मायका आधीच चिकटवलेला असेल तर खाचेच्या दोन्ही रेघा धारदार कटरने खोल ओढून घ्या, कड उडत नाही.

ढकलायला काठी नको, रबरी तळाचे पुश पॅड घ्या, दोन्ही हातांत एकेक. दाब खाली आणि फेन्सकडे. पॅनेलखालचा स्टॅक दिसत नाही, हाच डेडोचा खरा धोका आहे. म्हणून इन्सर्ट प्लेटवर आणि फळीच्या वरच्या बाजूला खाचेची रुंदी पेन्सिलीने आखा आणि त्या पट्ट्यात हात कधीच आणू नका. शेवटी स्टॅक फळीच्या मागच्या कडेतून बाहेर येतो, तिथे हात असता कामा नये. अरुंद तुकडा मायटर गेजने न्यायचा. आरपार कापताना गेज आणि फेन्स एकत्र वापरणं घातक असतं, कारण सुटा तुकडा मधे अडकतो. खाचेत सुटा तुकडा निघत नाही, म्हणून इथे चालतं. फळी वरून स्टॅकवर टेकवून मधूनच सुरू होणारी खाच मात्र टेबल सॉवर मारू नका. त्यासाठी राउटर आहे.

आणि लाईट गेली तर? पातं लगेच थांबत नाही. दिवा विझला म्हणजे पहाराही उठला असं धरा. फळी आहे तिथेच दाबून धरा, स्टॅक पूर्ण थांबू द्या, मोटरचा स्विच बंद करा, मगच फळी हलवा. एरवीही मोटर बंद केल्यावर स्टॅक थांबेपर्यंत मुख्य स्विच चालूच ठेवायचा, कारण तेवढा वेळ ब्रेक जागा असतो.

परत फिरताना

खाचा झाल्या, आता ६२० चा तुकडा उभा चिरायचा आहे. म्हणजे सगळं उलट क्रमाने: प्लग काढा, स्टॅक उतरवा, डेडोचं कार्ट्रिज काढा, दहा इंची कार्ट्रिज आणि पातं बसवा, फट पुन्हा मोजा, इन्सर्ट बदला, रायव्हिंग नाईफ आणि गार्ड लावा. ब्रेक नसेल तर मशीन सुरू होत नाही, पण रायव्हिंग नाईफ नसला तरी ते बिनबोभाट सुरू होतं. लांब चिरताना पात्यामागे लाकूड मिटतं आणि नाईफ नसेल तर थेट अंगावर येतं. म्हणून तो काढला की मी सुतळीने मुख्य स्विचवर टांगतो. पुढच्या वेळी मशीन चालू करायला जो कोणी येईल, त्याला तो आधी हातात घ्यावाच लागतो.